डॅडी घंटेला परत येतात

पापडी, वसई
११ जानेवारी २०२६

ॲन्सेल्म,

'प्रिय' लिहिणार होते, पण तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस, तेव्हा प्रिय कसला डोंबलाचा! पत्र ब्लॉक करता येत नाही म्हणून कागद घेऊन बसले. फाडायचं असेल तर निदान वाचून फाड.

इकडे सगळं ठीक आहे. डॅडी बरे आहेत, जेवतात, झोपतात. मी वालीवच्या कारखान्यात ऑफिसातली तीच खुर्ची गरम करतेय. आणि हो, मी मासे गरवायला शिकतेय. हस, पोट धरून हस. अर्नाळ्याच्या पिकनिकला घोटाभर पाण्यातसुद्धा न उतरलेली तुझी थोरली बहीण हल्ली हातात काठी घेऊन मिठागरांमागच्या खाडीच्या बांधावर उभी असते. शेजारच्या बेलाने मला तुझा फोटो दाखवला होता, कॅनडातल्या कुठल्याशा नदीकाठी हातभर मासा धरून उभा आहेस तो. समुद्रातून नदीत चढणारा मासा आहे म्हणे. आपला जिताडाही तसलाच, खाऱ्यातून गोड्यात हिंडणारा. तुला डॅडींनी लहानपणीच शिकवलं. मला कधी नेलं नाही, पोरीचं खाडीवर काय काम! आता केस पिकल्यावर नेतात.

का नेतात ते लिहायला हवं. वर 'ठीक आहे' लिहिलं ते खरं नाही.

नाताळाच्या आधी डॅडी शुक्रवारच्या बाजाराला गेले आणि त्यांना घर सापडेना. पापडीत, अरे, जिथे जन्म गेला तिथे! एका भाजीवालीने हाताला धरून आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. माणसं विसरतात, वार विसरतात, जेवलेलं विसरतात. खाडी तेवढी विसरत नाहीत. दुपार कलली की काठी खांद्यावर टाकून निघतात. कुलूप लावलं तर मागच्या भिंतीवरून उतरले आणि ढोपर फोडून घेतलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाण्याजवळ एकटं सोडू नका, जमत नसेल तर बंदोबस्ताच्या जागी ठेवा.

सिस्टरांचा एक आश्रम बघून आले. स्वच्छ आहे, सिस्टर प्रेमळ आहेत, फाटकाला आतून कुलूप असतं. एक म्हातारा त्या फाटकाची कडी धरून नुसता उभा होता. मला तिथेच रडू फुटलं. मग ठरवलं, डॅडी खाडीवर जाणारच असतील तर सोबत मी जाणार.

आईच्या मातीला तू पोचायच्या आत डॅडींनी खड्डा बुजवू दिला, म्हणून तू त्यांच्याशी बोलत नाहीस. माझ्याशी का बोलत नाहीस ते तूच जाणे. पण मला भीती वाटते रे. पाण्याची वाटते आणि त्याहून जास्त, ते माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात जातील याची.

लिडिया


पापडी
२२ फेब्रुवारी

ॲन्सेल्म,

राखेचा बुधवार झाला. कपाळावर राख लावून घेतली आणि डॅडी सरळ खाडीकडे वळले, मी मागे धावत.

मी काय काय शिकले ते ऐक. जिवंत कोळंबी गरीला लावायची तर शेपटीतून, डोक्यातून नाही, नाहीतर ती मरते आणि मेलेल्या कोळंबीकडे जिताडा ढुंकून बघत नाही. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून लावली आणि गरी स्वतःच्याच बोटात घुसवली. डॅडींनी शांतपणे काढली, बोट तोंडात धरायला लावलं. त्या वेळी एवढे शहाणे होते, की वाटलं डॉक्टरच चुकले असतील. घरी आल्यावर मला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

दोरी ताणून ठेवायची नाही, बोटावर नुसती टेकवून ठेवायची. माशाने पहिला झटका दिला की गप्प बसायचं, दुसऱ्याला ओढायचं. मला पहिल्यालाच ओढायची घाई. डॅडी ओरडतात, "घाबरून ओढतोयस तू! घाबरलेल्या मानसाला मासा लागत नाय." तर मग मला जन्मात लागायचा नाही.

गाळाचंही शिकवलं. पाणी मागे गेलं की बांधाखाली काळा गाळ उघडा पडतो, वरून कसा घट्ट दिसतो. डॅडींनी काठी खुपसून दाखवली, निम्मी आत गेली. "पानी मागे गेलं तर त्याच्या मागे जायचं नाय. ते येतंच परत. आनी चुकून रुतलास तर उभा ऱ्हायचं नाय, आडवा पडायचा, पोटावर." मी म्हटलं, डॅडी, मी इथून एक पाऊल खाली टाकणार नाही, मला कशाला शिकवता. तरी चार वेळा शिकवलं.

एका गोष्टीने मात्र माझ्या जिवात जीव आलाय. देवळातली संध्याकाळच्या प्रार्थनेची, आंजेलुसची घंटा खाडीवर स्पष्ट ऐकू येते. ती वाजली की डॅडी मासा लागत असला तरी दोरी गुंडाळतात, क्रूस करतात, प्रार्थना पुटपुटतात आणि घरची वाट धरतात. कुणी सांगावं लागत नाही. सगळं विसरले, पण हे हाडांत मुरलंय. मला कारखान्यातून सुटायला उशीर झाला आणि ते पुढे निघून गेले, असं दोनदा झालं. दोन्ही वेळा मी मिठागराच्या रस्त्यावर जीव मुठीत धरून स्कूटर हाणली, आणि दोन्ही वेळा हे समोरून काठी घेऊन चालत येत होते. घंटेला परत येतात, हे एकदा समजलं आणि त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी नीट झोपले.

दोनदा लिहिलं, पण खरं तर जास्त वेळा झालंय. कारखान्यातून रोज लवकर सोडत नाहीत. तू तिथे बसून मला बोल लावू नकोस.

लिडिया


पापडी
१५ मार्च

ॲन्सेल्म, मला जिताडा लागला!

काल शनिवार, मला अर्धा दिवस सुट्टी. भरतीचं पाणी चढत होतं. बोटाखाली दोरी हलली, मी गप्प. दुसऱ्यांदा अशी खेचली की काठीच हातातून जाते की काय! मी किंचाळले. डॅडी म्हणाले, "सोड! दोरी सोड त्याला, जाऊ दे, दमू दे!" मी सोडली. तो पाण्याबाहेर उडाला, ऊन पडलं त्याच्यावर, आणि परत आत. मला वाटलं, हा मला घेऊनच आत जाणार. डॅडींनी मागून माझ्या कमरेला हात घालून घट्ट धरून ठेवलं. "घाबरू नको, मी हाय ना." किती वर्षांनी ऐकलं रे! ज्याला मी सांभाळायला जाते तो मला सांगतोय, मी हाय ना.

ओढून वर घेतला तेव्हा दोघेही चिखलाने माखलो होतो. डॅडी म्हणाले, "शाब्बास पोरी." मी बांधावर बसून भोकाड पसरलं. बेलाकडे अर्धा दिला. तिचा नवरा डेन्झिल चेष्टेने म्हणतो, आता तुला कोळीवाड्यातच द्यायला हवी.

बेला मात्र हसली नाही. डॅडी आत गेल्यावर म्हणाली, "लिडिया, तू माशाच्या नादात त्यांना खाडीची सवय लावतेयस. एक दिवस हातचं घालवून बसशील." मी तिच्यावर भडकले, माझ्या घरात नाक खुपसू नकोस म्हणाले. रात्री तिचंच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

आश्रमातून सिस्टरांचा फोन आला होता, एक खाट रिकामी होतेय. ईस्टरनंतर कळवते म्हणाले. तू सांग ना काहीतरी. हो म्हण, नाही म्हण, शिव्या दे. मुलगा आहेस तू त्यांचा. हे सगळं एकटीने ठरवायचं, आणि चुकलं तर आयुष्यभर एकटीनेच ऐकून घ्यायचं, याचीच मला धडकी भरते.

लिडिया


हॉस्पिटल, वसई
४ एप्रिल, पवित्र शनिवार

ॲन्सेल्म,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. बेलाच्या फोनवरून फोटो काढून पाठवतेय, तिला तू ब्लॉक केलेलं नाहीस. आधीच सांगते, डॅडी जिवंत आहेत. आता पुढचं वाच.

काल गुड फ्रायडे. सकाळी दोघांनी पेज खाल्ली. डॅडी दुपारी झोपले. मला देवळात जायचं होतं, गायनवृंदात आहे मी. त्यांना उठवून नेलं तर मध्येच उठून चालायला लागतात, म्हणून झोपू दिलं. दार नुसतं ओढून घेतलं. काठी कोपऱ्यात होती, लपवली नाही. का लपवायची? गुड फ्रायडेला आपल्या घरात कुणी गरीला हात लावलेला तू कधी बघितलायस? डॅडींनी तर त्या दिवशी विहिरीचं पाणी काढतानासुद्धा आवाज होऊ दिला नाही कधी. आणि समजा गेलेच, तर घंटेला परत येतील. असा विचार मी केला, अगदी स्वस्थपणे, साडीला पिन लावता लावता.

देवळात क्रूसाचं चुंबन चाललं होतं. बाहेर ऊन उतरत आलं होतं. वेदीजवळ ती लाकडी फळी खटखट वाजवली. मी गात होते आणि गाता गाता माझ्या अंगातून वीज गेली. फळी का वाजवतात? घंटा बंद असते म्हणून! गुरुवारी रात्रीपासून ईस्टरच्या मिस्सेपर्यंत वसईतल्या कुठल्याही देवळात घंटा वाजत नाही. लहानपणापासून मला माहीत आहे हे. शेंबड्या पोराला माहीत आहे! आणि मी घंटेच्या भरवशावर त्यांना सोडून आले होते.

बेला शेजारीच उभी होती. तिचा हात धरून एवढंच म्हणाले, "डॅडी खाडीवर आहेत. डेन्झिलला सांग, दोर नि वाडीतली शिडी घेऊन ये." तिने क्षणभरही 'कशावरून' विचारलं नाही. मी सगळ्या बायकांना ढकलत बाहेर पडले. घराकडे स्कूटर वळवली, दार सताड उघडं, कोपरा रिकामा.

बांधावर पोचले तर पाणीच नव्हतं. परवा पौर्णिमा झाली ना. ईस्टर पौर्णिमेला धरून येतो हे सिस्टरने शाळेत शिकवलं, आणि पौर्णिमेला उधाण असतं हे डॅडींनी बांधावर. दोन्ही मला पाठ, पण दोन्ही कधी एकत्र डोक्यात आली नाहीत. उधाणाची ओहोटी खाडीचं पाणी पार तळाला घेऊन गेली होती. इकडून तिकडे नुसता काळा गाळ, आणि त्यात लांब एक पांढरा सदरा.

पाण्यामागे जायचं नाही असं चार वेळा शिकवणारा माणूस पाण्यामागे गेला होता. मांड्यांपर्यंत रुतले होते. हातात काठी तशीच. मी हाका मारल्या तर वळून बघायला गेले आणि आणखी आत गेले. मग हातपाय झाडायला लागले. त्यांच्या पलीकडे पाण्याची एक पातळ पट्टी चमकत होती, आणि मी बघत असतानाच ती रुंद व्हायला लागली. भरती लागली होती.

बांधावरून खाली पाऊल टाकताना मी काय म्हणाले ते आठवत नाही. सायबीण माय, सायबीण माय, एवढाच मरियामातेचा धावा असेल. साडी खोचली आणि पोटावर आडवी झाले. सरपटत गेले. गाळ तोंडात गेला, नाकात गेला. मध्ये एकदा हात कोपरापर्यंत आत गेला आणि निघेना. मला वाटलं, संपलं. मला परत फिरायचं होतं, हे तुला खरं सांगते. त्यांच्याकडे बघितलं असतं तर फिरले असते कदाचित, म्हणून खाली मान घालून पुढे सरकत राहिले.

पोचले तेव्हा पाणी त्यांच्या कमरेशी आलं होतं. मी त्यांच्या काखेत हात घातले आणि काठी आडवी करून तिच्यावर दोघांचा भार टाकला. ते झाडत होते, मला ढकलत होते, काहीबाही बोलत होते. मग शांत झाले. पाणी छातीशी आलं. बर्फासारखं नव्हतं, कोमट होतं, त्याचीच मला किळस आली. अंधारायला लागलं तेव्हा बांधावरून डेन्झिलची हाक आली. मिरवणुकीसाठी थांबलेली माणसं त्याने उचलून आणली होती, सगळे काळ्या कपड्यांत. शिड्या गाळावर टाकत टाकत आले आणि दोर लावून आधी डॅडींना, मग मला ओढलं. मी कशी निघाले ते मला सांगता येत नाही, डेन्झिललाच विचार.

डॅडींच्या छातीत पाणी गेलंय. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणतात, वय बघता काही सांगता येत नाही. माझ्या नखांतला गाळ अजून निघत नाही.

लिडिया


हॉस्पिटल
६ एप्रिल

ॲन्सेल्म,

दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तू वाचलंस. काही बोलला नाहीस. बरं.

मग हेही वाच. मागच्या पत्रात मी लिहिलं, डॅडी काहीबाही बोलत होते. काहीबाही नव्हतं ते. आणि जिताडा लागला तेव्हा 'शाब्बास पोरी' म्हणाले असं जे लिहिलं, तेही खोटं. ते म्हणाले, "शाब्बास ॲन्सेल्म."

पहिल्या दिवसापासून हे असंच आहे. घरी मी कधी लिडिया, कधी नर्स, कधी कुणी परकी बाई. पण खाडीच्या बांधावर पाय ठेवला की मी ॲन्सेल्म. गरी शिकवली ती तुला, गाळाचं सांगितलं ते तुला, कमरेला धरलं ते तुला. सुरुवातीला मी म्हटलं होतं, "डॅडी, मी लिडिया." तर एवढे भेदरले! पाण्याकडे बघून ओरडायला लागले, "मग ॲन्सेल्म कुठाय? पान्यात गेला काय?" त्यानंतर मी कधी दुरुस्त केलं नाही. तुझ्यावर जळले मात्र. माझ्या हातांनी भरवलेला घास आणि नाव तुझं, जळणारच ना! म्हणून तुला कळवलं नाही.

गाळात ते हातपाय झाडत होते ते मरणाच्या भीतीने नाही. त्यांना वळून माझं तोंड बघायचं होतं. म्हणाले, "ॲन्सेल्म, तुझ्या आईला मी थांबवायला हवं होतं. तू येईपर्यंत. डॉक्टर म्हनाले बर्फाच्या पेटीत ठेवू. तिला थंडी सोसत नव्हती रे. माझ्याच्यानी नाय झालं." पाणी पोटावर आलं होतं. मी म्हणत होते, हलू नका डॅडी, हलू नका. ते जास्तच हलत होते, जास्तच रुतत होते, आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "रागावलास? अजून रागावलायस?"

मी काय करणार होते? तुला फोन लावून विचारणार होते?

मी म्हणाले, "नाही डॅडी. राग गेला. कधीच गेला."

ते म्हणाले, "मग बरं." आणि एकदम सैल पडले माझ्या हातात. त्यानंतर एकदाही हातपाय झाडले नाहीत. डॉक्टर म्हणतात ते हलत राहिले असते तर शिडी येईपर्यंत काही उरलं नसतं. म्हणजे तुझ्या नावाने मी बोलले त्याने ते वाचले. मला तो अधिकार नव्हता, हे मला कळतं. तू तिथे तीन वर्षं राग धरून बसलास तो तुझा होता, मी तो परस्पर सोडून दिला.

आज सकाळी त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं नाही. पण त्या मास्कमधून नर्सला सांगत होते, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगत होते, झाडूवालीला थांबवून सांगत होते, "माझा मुलगा माझ्यावर रागावलेला नाय." सगळ्या वॉर्डाला सांगून झालं. आता दाराकडे बघत पडलेत, तू येशील किंवा तुझा आवाज येईल म्हणून. मी बेलाचा फोन उशाशी ठेवलाय. तो वाजला की मी जेवढी घाबरते, तेवढी गाळातही घाबरले नव्हते.

त्यांनी विचारलं तुला होतं, उत्तर मी दिलं. आता तुझं तू दे. लवकर दे. आणि बाबा रे, तुझ्या पाया पडते, अजून रागावलेलाच असशील तर फोन करू नकोस.

लिडिया